चॅनल स्ट्रिपचा सौदा आणि सल्ल्यांत सरलेली मुदत

विक्रेत्याने पाठवलेल्या डेमोत खोटं काही नव्हतं. आवाज खरोखर त्याच चॅनल स्ट्रिपमधून (माइकचा आवाज वाढवून, सुधारून रेकॉर्डिंगला देणाऱ्या पेटीतून) गेलेला होता, वर प्लगइन (आवाज बदलणारं सॉफ्टवेअर) नव्हतं की कुठे काटछाट नव्हती. तरीही मला व्यवस्थित गुंडाळलं गेलं. वापरलेलं स्टुडिओचं सामान घेणाऱ्यांना ही तऱ्हा माहीत असावी म्हणून सविस्तर लिहितो.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण बनवणाऱ्यांचा यात काडीचाही दोष नाही. पेटी अशी : पुढे ट्रान्सफॉर्मरचं इनपुट असलेला ट्यूब प्रीअँप (माइकचा बारीक सिग्नल काचेच्या ट्यूबने वाढवणारा भाग), त्याच्या मागे ऑप्टो कंप्रेसर (प्रकाशाच्या मदतीने मोठा आवाज दाबणारा), मग इक्वलायझर. एकट्याने काम करणाऱ्या रेकॉर्डिस्टला गाणाऱ्याच्या आवाजासाठी लागणारी सगळी साखळी एका डब्यात. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘एकाच मालकाने वापरलेला, नुकतंच सर्व्हिसिंग, सगळे कपॅसिटर नवे.’ डेमोत एक गायिका वरच्या पट्टीत, हळुवार गात होती. सोबत व्हिडिओ होता आणि त्यात मीटरचा काटा तिच्या आवाजावर झोकात डोलत होता.

पेटी आली, जोडली, आणि पहिल्याच दिवशी दोन गोष्टी खटकल्या. डायनॅमिक माइक (कमी सिग्नल देणारा) लावून गेन, म्हणजे सिग्नलची वाढ, वर नेला की खाली सतत एक घरघर आणि तिच्यावर सळसळ. कंडेन्सर माइक (जास्त सिग्नल देणारा) लावला तर घरघर दबायची, पण गायक खर्जात उतरून जोरात गायला की सूर फाटायचा. क्लिपचा दिवा (सिग्नल मर्यादेबाहेर गेल्याची खूण) मात्र लागत नव्हता.

मी त्याच दिवशी विक्रेत्याला कळवलं. उत्तर लगेच आलं, आणि इतकं गोड की तक्रार केल्याची मलाच लाज वाटावी. ‘सर, काळजी करू नका, पेटी टकाटक आहे. तुमच्या सेटअपमध्ये काहीतरी असेल, आपण एकेक करून शोधू.’

तिथून ‘एकेक करून’ सुरू झालं. पहिला सल्ला : आउटपुट इंटरफेसच्या (आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणाऱ्या पेटीच्या) माइक इनपुटात दिलं असेल, लाइन इनपुटात (आधीच वाढवलेल्या सिग्नलच्या) द्या. सल्ला बरोबरच आहे. एका प्रीअँपमागे दुसरा प्रीअँप लावून गोंधळ करणारे पुष्कळ असतात. माझं आउटपुट आधीपासून लाइनमध्येच होतं. तसं सांगितल्यावर दोन दिवसांनी दुसरा सल्ला : केबल बदला, बॅलन्स्डच हवी. बदलली. मग म्हणे ट्यूब नव्या आहेत, बसायला वेळ लागतो, रोज काही तास पेटी नुसती चालू ठेवा. हा सगळ्यांत हुशार सल्ला. ट्यूब तापून स्थिर व्हायला थोडी मिनिटं लागतात हे खरं आहे, पण आठवडाभर चालवल्याने घरघर जाते हे मी कुठल्याही तंत्रज्ञाच्या तोंडून ऐकलेलं नाही. त्याला मात्र त्या एका वाक्यात आठवडा मिळाला.

मग आला अर्थिंगचा मुद्दा. ‘ग्राउंड लूप असणार सर, पॉवर प्लगची अर्थची पिन काढून बघा.’ इथे माझं टाळकं सटकलं. ट्यूबच्या यंत्रात आत दोन-अडीचशे व्होल्ट किंवा त्याहून जास्त डीसी खेळत असतं. अर्थ तोडला आणि आत कुठे तार बॉडीला लागली, तर तो करंट पेटीला हात लावणाऱ्याच्या अंगातून, नाहीतर माइकला ओठ टेकवून गाणाऱ्याच्या अंगातून वाट काढेल. घरघर घालवायला अर्थ तोडायला सांगणाऱ्याकडून काहीच विकत घेऊ नये, अगदी केबलसुद्धा.

पण ग्राउंड लूपची, म्हणजे दोन यंत्रांच्या अर्थिंगच्या फेऱ्यातून घरघर शिरत असल्याची, शंका ऐकायला पटण्यासारखी होती. माझ्या रेकॉर्डिंगचा स्पेक्ट्रम (कुठल्या वारंवारितेला किती आवाज आहे याचा आलेख) पाहिला तर सगळ्यांत उंच शिखर ५० हर्ट्झवर होतं आणि त्याच्या शेजारी १०० वर दुसरं. विजेची वारंवारिता ५० हर्ट्झ असेल तिथे ग्राउंड लूपचा गुंजारव मुख्यतः ५० वर दिसतो. पॉवर सप्लायचे फिल्टर कपॅसिटर सुकले असतील तर तो १०० वर येतो, कारण रेक्टिफायर लाटेचे दोन्ही अर्धे वापरतो. विजेची वारंवारिता ६० असेल तिथे हेच आकडे ६० आणि १२० होतात. म्हणजे १०० चं शिखर ‘सगळे कपॅसिटर नवे’ या दाव्याशी तिथेच भांडत होतं. विक्रेत्याला स्पेक्ट्रमचं चित्र पाठवलं, तर त्याने ५० वर बोट ठेवलं आणि १०० बद्दल चकार शब्द काढला नाही.

ग्राउंड लूप आहे की नाही हे ठरवणं सोपं आहे. लूप व्हायला अर्थचे दोन रस्ते लागतात. मी लॅपटॉपचा चार्जर काढला, लॅपटॉपवरच चालणारा इंटरफेस जोडला, बाकी सगळं सोडवलं. भिंतीच्या सॉकेटात उरली एकटी ती पेटी. माइकच्या जागी एक्सएलआर प्लगमध्ये पिन २ आणि ३ यांच्यामध्ये १५० ओहमचा रेझिस्टर सोल्डर करून खोचला. प्रीअँपला वाटतं माइक लागलाय, पण आवाज काहीच येत नाही. फँटम (कंडेन्सर माइकला केबलमधून मिळणारी वीज) बंद. हा प्लग करायला नखाएवढा रेझिस्टर लागतो आणि तो आयुष्यभर उपयोगी पडतो.

अशा १५० ओहमचा स्वतःचा उष्णतेचा गोंगाटच साधारण उणे १३१ डीबीयू (सिग्नलच्या व्होल्टेजचं माप) असतो. त्याच्या खाली कुणालाच जाता येत नाही. चांगला प्रीअँप त्यात एक-दोन डीबीचीच भर घालतो. ६० डीबी गेन दिला तर आउटपुटला गोंगाट उणे ७० डीबीयूच्या आसपास यायला हवा. अधिक ४ डीबीयू म्हणजे उणे १८ डीबीएफएस (डिजिटल पातळीचं माप, शून्य म्हणजे कमाल) असं इंटरफेसचं गणित असेल, तर रेकॉर्डिंगमध्ये तो उणे नव्वदच्या घरात दिसतो. माझ्याकडे तो उणे साठच्याही वर होता, आणि लूप तर उरलाच नव्हता. गेन कमी केला की घरघरही त्याच प्रमाणात कमी व्हायची, म्हणजे ती गेनच्या आधीच, इनपुटपाशीच, शिरत होती.

हे कळवल्यावर विक्रेत्याचा रोख माझ्या गायकाकडे वळला. सूर फाटतो कारण तो माइकला चिकटून गातो, बास फुगतो, माइकवरचाच लो-कट (खालचे सूर कापणारा खटका) लावा. जवळून गायलं की दिशादर्शी माइकमध्ये खालचे सूर फुगतात, हेही शंभर टक्के खरं. लो-कट लावला, आणि फाटणं खरंच बरंच कमी झालं. मी सभ्यपणे लिहिलं, ‘हो, फरक पडला, धन्यवाद.’ या वाक्याकडे पुढे परत येतो.

शेवटी पेटी एका जाणत्या तंत्रज्ञाकडे नेली. झाकण स्वतः उघडायचा मोह आवरा. बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहू शकतात. त्याने झाकण काढलं आणि पाचव्या मिनिटाला बोलावून दाखवलं. इनपुट ट्रान्सफॉर्मरच्या जागी बोर्डावर मोठ्या चौकोनी डब्याचा ठसा होता, आणि त्या ठशाच्या मधोमध डिंकाने चिकटवलेला एक छोटासा, उघडा ट्रान्सफॉर्मर. मूळचा काढून कुणीतरी वेगळा विकला असणार, कारण अशा ट्रान्सफॉर्मरना सुटं गिऱ्हाईक कायम असतं. पॉवर सप्लायचे मोठे कपॅसिटर जुनेच होते. बदलले होते फक्त दोन-चार छोटे, झाकण उघडल्यावर वरून दिसणारे.

मग सगळ्याचा उलगडा झाला. चांगल्या इनपुट ट्रान्सफॉर्मरभोवती म्यूमेटल या मिश्रधातूचं कवच असतं, ते पॉवर ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र अडवतं. या उघड्याला कवच नाही, म्हणून ५० हर्ट्झ थेट आत. तो अर्थिंगने जाणारा गुंजारवच नव्हता. दुसरं, १ ला ५ चा ट्रान्सफॉर्मर व्होल्टेजमध्ये १४ डीबी फुकट देतो. बसवलेला होता १ ला १ चा. ती तूट पुढच्या ट्यूबला भरून काढावी लागत होती, म्हणून सळसळ. तिसरं, ट्रान्सफॉर्मरचा छोटा गाभा खालच्या सुरांत चुंबकत्वाने लवकर भरतो. तेवढ्याच व्होल्टेजला १०० हर्ट्झचा सूर ४०० हर्ट्झच्या चौपट चुंबकन करतो. म्हणून खर्ज फाटत होता, आणि ट्रान्सफॉर्मर गेनच्या आधी असल्यामुळे क्लिपच्या दिव्याला त्याचा पत्ताच नव्हता.

आता तो डेमो पुन्हा बघा. गायिका वरच्या पट्टीत, हळू आवाजात, कंडेन्सर माइकवर गातेय. व्हिडिओतलं चित्र मोठं करून पाहिलं तर माइकवरचा लो-कट लावलेला होता. म्हणजे मला जो उपाय म्हणून सुचवला, तो त्याने डेमोतच वापरला होता. आणि माइकची निवडही विचारपूर्वक होती. शुअर एसएम७बी सारखा डायनॅमिक माइक एका पास्कलला साधारण १.१ मिलिव्होल्ट देतो, नॉयमन यू ८७ एआय २८ मिलिव्होल्ट. फरक २८ डीबीचा. त्याच आवाजाला कंडेन्सरवर २८ डीबी कमी गेन लागतो, आणि तेवढ्याने ती घरघर जमिनीत गाडली जाते. जास्त गेनला गोंगाट, खालच्या सुरांत फाटणं, यांच्या मधला जो अरुंद पट्टा त्या पेटीत स्वच्छ उरला होता, डेमो नेमका त्या पट्ट्यातून चालत गेला होता. हे चुकून होत नाही.

मीटरच्या काट्याचीही गंमत ऐका. तंत्रज्ञाने १ किलोहर्ट्झचा टोन लाइन इनपुटात देऊन तपासलं. काटा १० डीबी कपात दाखवत होता, आउटपुट मात्र जेमतेम तीनने उतरत होतं. टेलिट्रॉनिक्स एलए-२ए पासून चालत आलेल्या ऑप्टो रचनेत एका चमकणाऱ्या पट्टीसमोर दोन प्रकाशसंवेदी रेझिस्टर बसवलेले असतात. एक आवाज दाबतो, दुसरा फक्त मीटर हलवतो. पहिला थकला आणि दुसरा धडधाकट असला, तर काटा नाचतो आणि कंप्रेशन होत नाही. व्हिडिओतला डोलणारा काटा हा पुराव्यासारखा दिसतो, पण तो पुरावा नाही.

वापरलेला चॅनल स्ट्रिप घेताना मी आता विक्रेत्याकडून तयार गाणं मागतच नाही. डायनॅमिक माइक लावून, गेन ५५-६० डीबीवर, आधी काही सेकंद नुसती शांतता आणि मग जाडा पुरुषी आवाज, लो-कट सगळीकडे बंद, इतकं कच्चं रेकॉर्डिंग मागतो. मग एकदा कंप्रेसर चालू आणि एकदा बंद ठेवून एकाच टोनच्या दोन फाइली. झाकण उघडून काढलेला फोटो, इनपुट ट्रान्सफॉर्मर आणि पॉवर सप्लाय दिसेल असा. फँटमसाठी मल्टिमीटर मिलिअँपवर ठेवून पिन १ आणि २, मग १ आणि ३ जोडून बघितलं, तर दोन्हीकडे साधारण ७ मिलिअँप यायला हवेत (४८ व्होल्ट, ६.८ किलोओहममधून). दोघांत तफावत असेल तर तिथेही कुणीतरी हात घातलाय. नेक विक्रेता कुरकुरतो, पण हे करतो. ‘सर, विश्वास नाही का?’ असं उत्तर आलं की मी संवाद थांबवतो.

तंत्रज्ञाचा लेखी अहवाल आणि फोटो घेऊन मी पैसे परत मागितले, तेव्हा परतीची मुदत उलटून गेली होती. त्याचे ते सगळे सल्ले मिळून बरोबर तेवढेच दिवस खाऊन गेले होते. ज्या मध्यस्थामार्फत पैसे दिले, त्याच्याकडे वाद नोंदवला. विक्रेत्याने उत्तरात फक्त माझा एक संदेश जोडला : ‘हो, फरक पडला, धन्यवाद.’ त्याच्या बाजूने ही गिऱ्हाइकाची कबुली ठरली, ट्रान्सफॉर्मर पाठवल्यानंतर बदलला नाही हे सिद्ध करणं माझ्यावर आलं, आणि वाद फेटाळला गेला. म्हणून पेटी उघडताना सलग व्हिडिओ काढा, मागची स्क्रूंची डोकी आणि सिरियल नंबर त्यात स्पष्ट येऊ द्या. आणि पहिल्या दिवशी घरघर ऐकू आली तर आधी मुदतीत रीतसर तक्रार नोंदवा, केबल त्यानंतर बदला.