'पिल्लांसह अस्वल हमखास': दरोजीच्या नावावर चाललेली फसवणूक

हंपीपासून 15-20 किलोमीटरवरचं दरोजी अस्वल अभयारण्य (स्थापना 1994) मराठी पर्यटकांना आता चांगलंच ठाऊक झालंय. त्याच नावावर आमच्या छायाचित्रकार गटातल्या काही जणांना लुबाडलं गेलं. जाहिरात अशी होती: 'डिसेंबर स्पेशल. पाठीवर पिल्लं घेतलेली मादी, खासगी हाइड (लपून पाहण्याची जागा), अंतर फक्त 30 फूट, दर्शन हमखास.' आधी माणशी निम्मी रक्कम, मग 'डीएफओ (विभागीय वनाधिकारी) परवाना शुल्क', मग 'कॅमेरा शुल्क', सगळं एका व्यक्तीच्या यूपीआय खात्यावर. परवाना म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर शिक्का मारलेली पीडीएफ आली. फाटकावर ती दाखवल्यावर बनावट असल्याचं कळलं. तोवर समोरचा फोन बंद झाला होता.

अस्वलाची थोडी माहिती असती, तर ही जाहिरात वाचतानाच खोटी वाटली असती.

डिसेंबरचंच घ्या. आपल्याकडच्या अस्वलाची (स्लॉथ बेअर) मादी बहुतेक नोव्हेंबर ते जानेवारीत गुहेत किंवा खडकांच्या कपारीत विते. पिल्लं एक किंवा दोन, क्वचित तीन. त्यांचे डोळे उघडायलाच तीन-चार आठवडे जातात आणि पहिले दोन-तीन महिने ती गुहेतच असतात. नवी पिल्लं आईच्या पाठीवर बसून हिंडताना दिसू लागतात ती साधारण फेब्रुवारी-मार्चपासून. आईच्या आकाराच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी होईपर्यंत ती पाठीवर बसतात आणि पाठीवरची आपापली जागा भांडून राखतात. डिसेंबरात मादीसोबत पिल्लू दिसलंच, तर ते बहुधा आदल्या वर्षीचं, वर्षभराचं धूड असतं आणि आईमागून पायी चालतं. डिसेंबरात नवजात पिल्लं दाखवतो म्हणणारा एकतर थापा मारतोय, नाहीतर तुम्हाला गुहेच्या तोंडाशी नेणार आहे. दुसरी शक्यता जास्त भयंकर.

30 फुटांचंही तसंच. अस्वल वारूळ उकरून वाळवी ओढून खात असतं, तेव्हा त्याला आजूबाजूचं भान नसतं. नजर अधू, नाक तेवढं तीक्ष्ण. अशा वेळी माणूस अचानक जवळ दिसला, की पिल्लांची आई पळण्याऐवजी अंगावर येते. तिची नखं बोटभर लांब असतात आणि जखमा बहुधा डोक्या-चेहऱ्यावर होतात. दरोजीत वनकर्मचारी दुपारी खडकांवर गूळ वगैरे लावतात आणि लोक निरीक्षण मनोऱ्यावरून पाहतात. तिथे दुर्बीण आणि 500-600 मिलिमीटरची लेन्सच हवी. काळ्या अंगामुळे कॅमेरा चित्र उगाच उजळ करतो, म्हणून एक्स्पोजर (कॅमेऱ्यात घेतला जाणारा प्रकाश) पाऊण ते एक स्टॉप, म्हणजे पायरी, कमी ठेवावं. फोकस काळ्या केसांवर अडखळतो, तो फिकट मुस्कटावर धरावा. संध्याकाळी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता) 1600-3200 पर्यंत जावंच लागतं. 'साधी किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येणारी) पुरेल' असं कुणी म्हणालं, तर तो तुम्हाला कुठे उभं करणार आहे हे आधी विचारा.

या टोळीने नमुना म्हणून पाठवलेले फोटोही तपासण्यासारखे होते. त्यातलं एक हिमालयी काळं अस्वल होतं! छातीवर पांढरी खूण दोघांनाही असते, त्यामुळे गल्लत होते. आपल्या अस्वलाचे केस लांब आणि विस्कटलेले, मुस्कट लांबट फिकट, नखं पांढुरकी. हिमालयी अस्वलाचे केस आखूड, कान मोठे गोल, नखं काळी. मागची झाडीही पाहा. दरोजीच्या खडकाळ, काटेरी झुडपांच्या माळावर देवदार येणार कुठून? फोटो गूगल लेन्समध्ये टाकला तर मूळ छायाचित्रकार बऱ्याचदा लगेच सापडतो.

'खासगी हाइड'बद्दल जरा स्पष्टच बोलतो. शेतात गूळ, शेंगदाणे, मध टाकून अस्वल बोलावणं काही ठिकाणी सर्रास चालतं. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 मध्ये शिकारीच्या व्याख्येतच आमिष दाखवणं येतं. अस्वल पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या, अनुसूचीत आहे, आणि शिक्षा 3 ते 7 वर्षांची. आमिषाची सवय लागलेली मादी पिल्लांना घेऊन वस्तीकडे येऊ लागते. पुढे मार खातात ती पिल्लं आणि जखमी होतात गावकरी. हे करणाऱ्याला आपण पैसे द्यायचे नाहीत, मग तो खरोखर अस्वल दाखवत असला तरी.

पैसे भरण्यापूर्वी संबंधित वनविभागाच्या कार्यालयात फोन करून परवान्याचा क्रमांक वाचून दाखवा. नंबर मात्र एजंटने दिलेला नको, सरकारी संकेतस्थळावरचा घ्या. दरोजीचं तिकीट फाटकावर वनखात्याकडूनच घ्यायचं असतं. ताडोब्यासारख्या ठिकाणी बुकिंग अधिकृत संकेतस्थळावर आणि प्रत्येकाच्या ओळखपत्रावर होतं, त्यामुळे 'नाव नंतर बदलू' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

पैसे गेलेच, तर त्याच तासात 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (प्रत्येक व्यवहाराचा स्वतंत्र संदर्भ क्रमांक) द्या. रक्कम पुढच्या खात्यांत फिरायच्या आत गोठवली गेली तरच परत मिळण्याची आशा असते. फोनवरचे संदेश पुसू नका, स्क्रीनशॉट घ्या. त्यात गुहेचा किंवा आमिषाचा उल्लेख असेल, तर त्याची एक प्रत वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे वेगळी द्या. सायबर पोलिस पैशांचा तपास करतील, पण गुहेजवळची वर्दळ थांबवणं वनखात्याच्याच हातात आहे.