चालणं मोजणारा कमरपट्टा: सासूबाईंनी पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत वापरला, त्याचा अनुभव

जे घाईत आहेत त्यांना आधीच सांगून टाकते. घरात सत्तरीपुढचं माणूस असेल, ते एकदा पडलं असेल आणि आकडे बघून पुढे काही करणारं कुणीतरी, फिजिओ म्हणा डॉक्टर म्हणा, हाताशी असेल तर घ्या. नुसतं आणून कमरेला बांधायचं आणि आपण निवांत, असा विचार असेल तर नका घेऊ, तेवढ्या पैशात बाथरूमला दोन हँडल, एक धड चप्पल आणि जिन्यात दिवा एवढं होऊन वर पैसे उरतात. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण शिव्या पण घालणारे, आणि असल्या पट्ट्यांचं आतलं काम थोड्याफार फरकाने सारखंच असतं.

आमच्या सासूबाई ७६ च्या. शुगर आहे, दोन्ही गुडघे कुरकुरतात, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसऱ्याचं "बघू दिवाळी झाल्यावर" असं कधीपासून चाललंय. घर समर्थ मंदिराच्या वरच्या अंगाला, म्हणजे सातारकरांना कळलंच असेल, दारातून पाऊल बाहेर टाकलं की एकतर चढ नाहीतर उतार, सपाट असं काही नाहीच. गेल्या वर्षी अंगणात घसरल्या, मोडलं काही नाही पण धास्ती बसली, तेव्हापासून घरातसुद्धा भिंतीला हात लावत चालायच्या. फिजिओ मॅडमनी व्यायाम दिले आणि म्हणाल्या चाल मोजून ठेवली तर फरक पडतोय का ते कळेल, नुसतं "बरं वाटतंय का आजी" विचारून काही समजत नाही, सगळ्या आज्या बरंच आहे म्हणतात.

तर पट्टा म्हणजे एक रुंद इलॅस्टिक आणि पाठीमागे, मणक्याच्या अगदी खालच्या बाजूला येईल असा छोटा सेन्सर. आत अ‍ॅक्सेलरोमीटर (धक्का, हिसका मोजणारा) आणि जायरोस्कोप (फिरणं मोजणारा), आपल्या फोनमध्ये असतात तेच. टाच टेकली की अंगाला बारीक धक्का बसतो तो हा पकडतो, दोन धक्क्यांमधला वेळ मोजतो, वळताना कंबर किती वेगाने फिरली ते बघतो. पावलाची लांबी मात्र तो सरळ मोजत नाही, प्रत्येक पावलाला कंबर जरा वर जाते खाली येते त्यावरून आणि पायाच्या लांबीवरून हिशोब करतो, म्हणून अ‍ॅप सुरुवातीलाच उंची विचारतं. ती जुन्या कागदावरची टाकू नका. वय झालं की माणूस खचतं, आईंची (म्हणजे सासूबाईंचीच) भिंतीला उभं करून मोजली तर कागदापेक्षा चांगली इंच-दीड इंच कमी भरली, आणि उंची चुकली की पावलाची लांबी आणि वेग दोन्ही फुगून येतात.

आता पहिली तक्रार, आणि ही मोठी आहे. हे यंत्र बनवणाऱ्याने साडी नेसलेली बाई डोळ्यासमोर आणलेलीच नाही. साडीवरून पट्टा बांधला की निऱ्यांवरून सरकतो, परकराच्या नाडीवर बसवला तर नाडीची गाठ टोचते, आतून बांधला तर बाथरूमला जाताना सगळं सोडा परत बांधा. आईंनी पहिल्याच दिवशी ऐकवलं, "अगं, गुराच्या गळ्यात लोढणं घालत्यात तसं काय अडकवलंस माझ्या कमरंला!" शेवटी परकराच्या नेफ्याला मागून एक कप्पा शिवला, त्यात सेन्सर, वरून पट्टा, तेव्हा कुठे जागेवर राहायला लागला. फोनवर भागवायचं म्हणाल तर तेही करून बघितलं. आयफोनमध्ये २०२१ पासून, त्यांची आयओएस १५ ही सिस्टीम आल्यापासून, चालण्याची स्थिरता दाखवतात, पण त्यासाठी फोन कमरेजवळ खिशात लागतो, आणि साडीला खिसा कुठनं आणायचा? फोन पिशवीत, पिशवी खुंटीला. मामंजींना पँटच्या खिशात चाललं असतं, पण ते पडत नाहीत ना, पडतात या.

दुसरा प्रकार असतो बुटावर क्लिपने लावायचा. पायावरचा सेन्सर पाऊल जास्त नीट पकडतो असं मॅडम म्हणाल्या, पण आमच्याकडे बूट घालतंय कोण, घरात अनवाणी, बाहेर चप्पल, देवळात परत अनवाणी. मनगटावरचं घड्याळ तर विचारूच नका. एकादशीला भजनी मंडळात टाळ वाजवून आल्या तर घड्याळात एवढी पावलं की जणू आळंदीहून चालत आल्या. आणि उलट, काठी टेकत हळू चालल्या की हात हलत नाही, मग खरी पावलं पण धरत नाही. म्हणून कमरेचाच बरा, एवढ्यावर आम्ही आलो.

मोजतो बरोबर का? पाऊल मोजण्यात बरोबर आहे, मी मागे चालत स्वतः मोजून बघितलंय. वेगाचं सांगते, कारण खरा माल तिथेच आहे. म्हातारपणी चालण्याचा वेग ही फार बोलकी गोष्ट आहे, २०११ मध्ये अमेरिकेतल्या संशोधक स्टेफनी स्टुडेन्स्की आणि त्यांच्या बरोबरच्यांनी ३४ हजारांहून जास्त वयस्कर लोकांचा डेटा एकत्र करून दाखवलं की वेग जास्त तसं आयुष्य जास्त. म्हणजे वेगाने चाललं की आयुष्य वाढतं असं नाही हां, हृदय, फुप्फुस, स्नायू, नसा, डोळे, सगळं धड असेल तरच माणूस धड चालतं, म्हणून तो आकडा सगळ्याचा मिळून येतो. सेकंदाला ०.८ मीटरच्या खाली म्हणजे स्नायू कमी पडतायत का ते बघा असं युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१० मध्ये धरलं होतं, आशियातल्या तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये आपली रेघ १ मीटरवर नेली. ०.८ म्हणजे १० मीटरला साडेबारा सेकंद, घरी टेप लावून बघा, कळेल किती हळू आहे ते. आईंचा सुरुवातीला दवाखान्यात ०.८४ आला होता आणि घरच्या पट्ट्यावर ०.६८. मला वाटलं यंत्र खराब. मॅडम हसल्या, म्हणाल्या कुणी बघतंय म्हटलं की सगळे टेचात चालतात, घरी कोण बघतंय. घरचा आकडाच जास्त खरा, आणि हा पट्टा घेण्याचं माझ्या मते एकमेव भक्कम कारण हेच आहे.

पण घरचा आकडा कुठला, ते ठरवायला आमचे दोन-तीन महिने गेले. पावसाळ्यात साताऱ्याची संततधार, रस्त्याला शेवाळ, उतारावर पावलं आखूड पडणारच, अ‍ॅपने लगेच "घसरण" म्हणून बाण खाली दाखवला. अहो ती घसरण नाही, शहाणपण आहे! चढावर वेग कमी, उतारावर पाऊल आखूड, अ‍ॅपला चढ-उतार कळतच नाही, सगळं सपाट धरून चालतं. पुण्याचे भाऊजी तिकडे त्यांच्या फोनवर ते बाण बघायचे आणि रात्री फोन, "आईची चाल बिघडलीय का गं?" मग आईंनी काय केलं, पट्टा खुंटीला अडकवून ठेवायला लागल्या. विचारलं तर "विसरले". विसरल्या बिसरल्या काही नव्हत्या, त्यांना हेरगिरी वाटायची आणि मला पण त्यांचं पटलं. भाऊजींना अ‍ॅपमधून काढलं, महिन्याचा रिपोर्ट मी पाठवते म्हटलं, तेव्हा पट्टा परत कमरेला आला. हे घेताना घरातल्या कुणाकुणाला दिसणार ते आधी ठरवा आणि ज्यांच्या कमरेला बांधणार त्यांना विचारून ठरवा.

पाऊस उघडल्यावर मग शाहू स्टेडियम ठरवलं. सकाळी रिक्षाने खाली, सपाटावर तोच पट्टा, तीच चप्पल, साधारण तीच वेळ. तेव्हापासून आकड्यांना अर्थ यायला लागला. पण तिथे पण गंमत, मैत्रिणी भेटतात. त्या बोलायला लागल्या की या थांबतात. अ‍ॅपमध्ये चालण्याचे तुकडेच तुकडे. मी मॅडमना हसत सांगितलं तर त्या गंभीर झाल्या, म्हणाल्या १९९७ मध्ये स्वीडनमधल्या लोकांनी हेच बघितलं होतं, बोलताना ज्यांना चालणं थांबवावं लागतं ते वयस्कर पुढे जास्त पडतात, कारण चालणं आपोआप होत नाही, त्यालाच सगळं लक्ष द्यावं लागतं. मग व्यायामात एक वाढवला, चालता चालता वीसपासून उलटे आकडे म्हणायचे. आई आकडे नाही म्हणत, हरिपाठाचे अभंग म्हणतात. मॅडम म्हणाल्या पाठ असलेलं चालणार नाही, तर आता नातवंडांची आणि शेजारच्या पोरांची नावं उलट्या क्रमाने घेतात आणि मध्येच कुणाचं लग्न ठरलं त्यात घुसतात.

बाकी आकड्यांमधला एक कामाचा म्हणजे पावला-पावलामधल्या वेळेचा चढउतार. धड माणसाची पावलं एका तालात पडतात, ताल जेवढा विस्कटतो तेवढा पडण्याचा धोका जास्त, यावर खूप अभ्यास झालाय. पण तो हॉलमधल्या दहा-बारा पावलांत कळत नाही, सलग बरंच चालावं लागतं, म्हणून घरातल्या घरात फिरून तो आकडा बघू नका. दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर असण्याचा वेळ पण दाखवतो, तरुणांमध्ये तो साधारण २० टक्क्यांच्या आसपास असतो, भीती बसलेल्या माणसाचा वाढतो. आईंचा ३४ वरून ३० वर आलाय. वेग आता ०.७९. ०.१ चा फरक म्हणजे दखल घेण्याजोगा असं धरतात, तर तेवढा झाला म्हणायचा, पण तो पट्ट्याने नाही झाला, खुर्चीतून हात न लावता उठण्याने आणि ओट्याला धरून टाचा उचलण्याने झालाय.

एकदा मात्र पट्ट्याने खरंच कमाल केली. जानेवारीत डाव्या-उजव्या पावलातला फरक आठवडाभर वाढत गेला. आईंना विचारलं, काही नाही म्हणाल्या. पाय बघितला तर उजव्या करंगळीखाली कुरूप, त्याच्या कडेने कातडी लाल झालेली, नव्या चपलेचा बंद घासत होता आणि शुगरमुळे तळव्याला नीट जाणवतच नव्हतं. न कळता पाय चुकवून टाकत होत्या. डॉक्टरांकडे नेलं, चप्पल बदलली, दोन आठवड्यांत आकडा जागेवर. शुगरवाल्यांना मी सांगेन की रोज रात्री तळवे बघाच, पट्टा असो नसो.

ज्याचा मला राग येतो ते म्हणजे "पडण्याचा धोका" दाखवणारं हिरवं-पिवळं-लाल वर्तुळ. हिरवं असताना आई बाथरूममध्ये तोल जाऊन नळाला धरून राहिल्या, आणि तिथे पट्टा असतो का कमरेला? रात्री उठल्यावर बीपी उतरणं, झोपेची गोळी, न काढलेला मोतीबिंदू, ओली फरशी, यातलं काहीच त्या वर्तुळात नाही. ते बघून घरचे निर्धास्त होतात, हेच वाईट. त्यापेक्षा फुकटातली परीक्षा आहे ती करा: खुर्चीतून उठायचं, ३ मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, फोनचं स्टॉपवॉच लावायचं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या हिशोबाने १२ सेकंद किंवा जास्त लागले तर लक्ष द्यायला हवं. शेजारी कुणीतरी धरायला उभं राहा फक्त.

अ‍ॅप मराठीत नाही, हिंदी आहे ती वाचून डोकं दुखतं. चार्जिंग दोन दिवस पुरतं. एसटीत किंवा रिक्षात बसताना काढून ठेवा, खड्ड्यांची पावलं धरतो, आणि आपले रस्ते तुम्हाला माहितीयेत.

सध्या रोज नाही लावत, आठवड्यातून एकदोनदा स्टेडियमवर जातानाच, बाकी चार्जरवर पडून असतो. इलॅस्टिक सैल झालं तर कंपनी म्हणते पूर्ण पट्टाच नवीन घ्या. घेऊ नका, राजवाड्याजवळच्या टेलरने तेवढ्याच रुंदीचं इलॅस्टिक लावून दिलं, चहा-वड्याच्या पैशात काम झालं. सेन्सरला काही फरक पडत नाही, घट्ट बसलं म्हणजे झालं.