अलिबागच्या किनारा-भटकंतीच्या नावाखाली 39,200 रुपये गेले

मेहरूण तलावावर रोज सकाळी फिरणाऱ्या आम्हा 14 जणांचे पैसे मी गोळा केले होते, म्हणून हे मलाच लिहायला हवं. जळगावच्या मे महिन्यात जीव नुसता भाजून निघतो. अशात व्हॉट्सॲपवर जाहिरात आली : किहीम, थळ, वरसोली करत अलिबागपर्यंत किनाऱ्याने एक दिवस चालायचं. कल्याण स्टेशनवरून बस, नाश्ता, जेवण, माणशी 1,850 रुपये. सगळ्यांनी होकार दिला. मी 25,900 रुपये पाठवले. आदल्या रात्री ‘टोल आणि विमा’ म्हणून माणशी 250 मागितले, तेही 3,500 दिले. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

पण माझा जीव जळतो तो दुसऱ्याच गोष्टीसाठी. कार्यक्रमात लिहिलं होतं, ‘दुपारी 12 वाजता ओहोटीत कुलाबा किल्ल्यात पायी प्रवेश.’ हा किल्ला अलिबागसमोर समुद्रात आहे, ओहोटीलाच तिथे चालत जाता येतं. आणि तारीख बुद्धपौर्णिमेची. आमच्यातल्या एका वहिनींचं माहेर रेवदंड्याचं. त्या तेव्हाच म्हणाल्या, “ताई, पौर्णिमेला दुपारी बाराच्या सुमाराला भरती असते. किल्ल्यात चालत कसे जाणार?” कोळी लोकांचा हिशोबही त्यांनी सांगितला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. पौर्णिमा पंधरावी तिथी, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. दुपारी ओहोटी हवी तर अष्टमीच्या आसपास जायचं. कालनिर्णय माझ्या समोरच्या भिंतीवर होतं. मी जाहिरातवाल्या माणसाला विचारलं, तो म्हणाला, “मॅडम, उन्हाळ्यात वेगळं असतं.” आणि मी गप्प बसले! वहिनींनाच म्हटलं, त्यांचा रोजचा धंदा आहे, त्यांना कळत नसेल का?

मी हावरट नव्हते. दर फार स्वस्तही नव्हता. तापीकाठच्या माणसाला भरती-ओहोटीचं काय कळणार? तरीही, ज्याला किनाऱ्यावर न्यायचंय त्याला भरतीची वेळ माहीत नाही, एवढं तरी मला खटकायला हवं होतं. पैसे पाठवताना नावही भलत्याचंच दिसलं होतं. ‘आमच्या अकाउंटंटचं खातं,’ म्हणाला. असं कोणी म्हटलं की तिथेच थांबा.

पहाटे 4 पासून आम्ही कल्याणला दशम्या आणि शेंगदाण्याच्या चटणीचे डबे घेऊन उभे. बस नाही, फोन बंद. बसचा नंबर आदल्या दिवशी मागायला हवा होता, तो मागा. एक मावशी पिशवीवर बसून सारखं विचारत होत्या, “आते काय करानं?” मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

साडेनऊला ‘रिफंड विभागा’चा फोन आला. कोड स्कॅन करा, पिन टाका, पैसे परत येतील. मी रडकुंडीला आले होते, टाकला पिन. आणखी 9,800 गेले. पैसे घ्यायला पिन लागत नाही. कधीच नाही. हे मला माहीत होतं हो!

सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन 40 मिनिटांनी लागला. तक्रार क्रमांक मिळाला, एवढंच. कल्याणला पोलीस म्हणाले, पैसे जळगावहून गेले, तिकडे जा. जळगावला म्हणाले, बस कल्याणहून सुटणार होती ना, मग तिकडचीच हद्द. गुन्हा कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने नोंदवता येतो. नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम 173 मध्ये तसं लिहिलंय, हे मी सांगितलं तर साहेब हसले. म्हणे, “मॅडम, तुम्ही स्वतःच दिलेत ना पैसे?” अहो, फसवणूक म्हणजे दुसरं काय असतं? हिसकावून नेले असते तर त्याला चोरी म्हटलं असतं! चार खेपा घातल्या, दोन वेळा अर्ज नव्याने लिहायला लावला, पोच द्यायलाही तयार नव्हते. पोच घेतल्याशिवाय उठू नका. बँकेत तेच, पिन तुम्हीच टाकला, आमची जबाबदारी नाही. समोरच्या खात्यात 2,300 रुपये गोठवलेत म्हणतात, पण ते सोडवायला कोर्टाचा आदेश आणा. 2,300 साठी वकील करू का?

माझ्या बचतीतून आतापर्यंत नऊ जणांचे पैसे परत केलेत. त्या वहिनींनी घेतले नाहीत. त्याची लाज जास्त वाटते.

काल पाचोऱ्याच्या भाचीने एक जाहिरात पाठवली. फोटो तोच, नंबर नवा, दर 1,650. तारीख येत्या अमावास्येची, आणि पुन्हा ‘दुपारी 12 वाजता ओहोटीत कुलाबा किल्ल्यात पायी प्रवेश’. अमावास्येलाही त्या वेळी भरतीच असते. तुमच्याकडे ही जाहिरात आली असेल तर एक रुपयाही पाठवू नका.