टेम्पो ट्रॅव्हलरचं घर: एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यावर

फोर्स ट्रॅव्हलरचा कॅम्पर, म्हणजे आत राहता येईल अशी गाडी, करून घेतला, त्याला आता एक उन्हाळा आणि अख्खा पावसाळा झाला. कोकण, आंबोली, एकदा विदर्भ. गाडी दिसते कशी ते फोटोत कळतंच. मी आतल्या सुरक्षिततेबद्दल लिहितोय.

आधी फर्निचर. घरचं काम करणारा सुतार प्लायला स्क्रू मारतो आणि मोकळा होतो. गाडीच्या हादऱ्यांनी तोच स्क्रू भोक मोठं करत सैल होत जातो. गाडी बांधून देणाऱ्या आमच्या फॅब्रिकेटरने ओट्याचा सांगाडा ॲल्युमिनियमचा केला आणि नुसत्या पत्र्याला न जोडता बॉडीच्या आतल्या पट्ट्यांना नायलॉक नट (हादऱ्यांनी सैल न होणारे) लावून आवळला. तो जागचा हललेला नाही. वरच्या कपाटांना मात्र याच माणसाने घरातले चुंबकाचे कॅच लावले! ताम्हिणी घाटात डाळ-तांदळाचे डबे धडाधड खाली आले, तेव्हा बटण दाबून उघडायचे लॅच बसवून घेतले. ताशी ५० किमीने जाणारी गाडी आदळून अर्ध्या मीटरात थांबली, तर तिच्यावर वजनाच्या साधारण वीसपट जोर येतो. त्या क्षणी पाच किलोचा डबा क्विंटलभराचा होतो. म्हणूनच गाडी चालू असताना मागच्या सोफ्यावर कोणी बसायचं नाही; पट्टा असलेल्या मूळ सीटवरच बसायचं. पाहुणे नाक मुरडतात. मुरडू देत.

शेगडी गॅसची की इंडक्शनची, यावरून घरात बरीच खडाजंगी झाली. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो, नुसती खिडकी उघडून जात नाही. त्यामुळे सिलिंडरचा कप्पा आतून हवाबंद, त्याच्या तळाला थेट बाहेर जाणारं भोक आणि गॅस अलार्म घोट्याच्या उंचीवर. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्याचा अलार्म वेगळा, उशीजवळ. स्मोक अलार्म आधी ओट्यावर होता. मिरचीची फोडणी पडली की बोंबलायचा. तो पलंगाकडे हलवला. पावसात खिडक्या बंद असल्या तरी शेगडी पेटवायच्या आधी छतावरचा पंखा चालू करून खालची जाळी उघडायचीच.

इंडक्शन सोपं वाटतं, पण १५०० वॅटला १२ व्होल्टवर इन्व्हर्टरचा तोटा धरून १४० अँपिअरच्या आसपास करंट ओढला जातो. तेवढ्यासाठी करंगळीएवढी जाड केबल लागते आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी शेजारी. फ्यूज लांब असेल, तर मधली वायर कुठे घासून शॉर्ट झाल्यावर तिला वाचवणारं काहीच नसतं. वायर जिथे पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट (वायर कडेला घासू नये म्हणून बसवायची कडी) आहे का, हे उभं राहून बघा. आमच्या गाडीतलं वायरिंगचं काम मला सगळ्यात पसंत पडलं. पावसाळ्यात सोलर मरगळतं, तेव्हा भात गॅसवरच.

पलंगामागच्या दाराला आतून उघडता येणारी कडी हवी असा मी हट्ट धरला होता. सरकतं दार आगीने अडलं तर दुसरी वाट तीच. अग्निशामक सरकत्या दारापाशी, ओट्यापासून लांब ठेवलाय.

कागदपत्रांचं थोडक्यात: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत असा बदल करायला आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद हवी. कॅराव्हॅनसाठी, म्हणजे अशा राहत्या गाड्यांसाठी, एआयएस-१२४ हे मानक आहे, फॅब्रिकेटरला ते माहीत आहे का, आधी विचारा.

तक्रार उरली ती पाण्याच्या टाकीची. शंभर लिटर म्हणजे शंभर किलो. मागच्या ॲक्सलवर बसवली हे ठीक, पण आत पाण्याचं हिंदकळणं अडवणारे आडवे पडदे नाहीत. अर्धी भरलेली असली की उतारावर ब्रेक दाबताच पाणी गाडीला पुढे ढकलतं. सध्या घाटाआधी रिकामी करतो. पडद्यांची टाकी सांगून ठेवली आहे.