समुद्रापासून तीनशे पावलांवर जुनी वॅगन आर: अकरा महिन्यांनंतर

गाडी डिसेंबर 2024 मध्ये घेतली. 2014 चं मॉडेल, पेट्रोल, मीटरवर 61 हजार किलोमीटर, सौदा 2 लाख 35 हजारांना. आता मीटर 74 हजारांच्या पुढे आहे आणि मधे गुहागरचा एक अख्खा पावसाळा गेलाय, तोही 2025 चा, मे महिन्यातच सुरू झालेला. त्यामुळे आता लिहायला हरकत नाही.

आमची गरज आधी सांगते. कोकम आगळ, आमसुलं आणि सीझनला आंब्याच्या पेट्या घेऊन मला आठवड्यातून दोनदा चिपळूणला जावं लागतं, जाऊन-येऊन नव्वदेक किलोमीटर. घरात गुडघे धरलेल्या सासूबाई. खिशात 3 लाख. नाव लावणं, विमा, दुरुस्ती सगळं त्यातच बसवायचं. आणि घर समुद्रापासून तीनशे पावलांवर. या शेवटच्या गोष्टीचा मी गाडी घेताना विचारच केला नव्हता. जवळच्या शृंगारतळीच्या आमच्या गॅरेजवाल्या मिस्त्रींना विचारत होते, इंजिन कसं तपासायचं. ते म्हणाले, "वहिनी, इंजिन मी खोलून बांधून देईन. कुजलेला पत्रा कुठनं आणू? आधी खाली वाकून बघा, मग बॉनेट उघडा."

पहिली गाडी आमच्याच किनाऱ्यावरची. वरून आरशासारखी. मिस्त्रींनी फ्रिजवरचं लोहचुंबक रुमालात गुंडाळून दारांच्या खालच्या पट्टीवर फिरवलं, तर चार जागी ते चिकटेचना. म्हणजे रंगाखाली नुसती पुट्टी. मागची स्टेपनी उचलली तर खड्ड्यात पापुद्रे सुटलेले. खारा वारा पत्रा असा आतून खातो, आणि रंग मारून विकणाऱ्याला ते ठाऊक असतंच.

दुसरी चिपळूणची, एका एजंटाकडची. किंमत ऐकून यांचे डोळे चमकले होते. मी समोरचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. आतल्या दोन वितीवर मळकट पिवळी रेघ आणि बोटाला बारीक गाळ. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात किती चढलं होतं ते इथे कुणाला सांगायला नको. सीट धुता येते, कार्पेट बदलता येतं, पण बेल्टची गुंडाळी सहसा कुणी उघडत नाही. पुरातल्या गाडीची वायरिंग वर्ष-दोन वर्षांनी एकेक करून दगा देते. एजंटाला विचारलं तर म्हणाला, "पावसात काच उघडी राहिली असेल." चहा न घेता निघालो.

मग घाटावर जायचं ठरलं. मात्र घाटावरची म्हणजे कोरडी, असं डोळे मिटून धरू नका. 2019 चा पूर कोल्हापूर-सांगलीकडच्या गाड्यांनीही पाहिलाय. आम्ही कराडला गेलो तेव्हाही बेल्ट ओढला, कार्पेटचा कोपरा उचलून वास घेतला. गाडी निवृत्त शिक्षकांची, शेडमध्ये उभी राहणारी. सर्व्हिसच्या पावत्या एका फाइलीत ओळीने लावलेल्या, त्यातले किलोमीटर मीटरशी जुळत होते. क्लचच्या पेडलचं रबरही तेवढंच झिजलेलं. (मीटर मागे फिरवता येतो, रबर नाही.) टायर मात्र म्हातारे होते. टायरवर चार आकडी तारीख असते: 1418 म्हणजे 2018 चा चौदावा आठवडा. नक्षी शाबूत होती, पण बाजूला तडे. त्यावरून 10 हजार कमी करून घेतले.

वॅगन आरच का? आल्टो स्वस्तात मिळाली असती, पण सासूबाईंना त्यात खाली बसावं लागतं आणि उठताना दोघांनी धरावं लागतं. वॅगन आरमध्ये त्या खुर्चीवर बसल्यासारख्या बसतात. दगडी गडग्यांमधल्या अरुंद वाटेत गाडी सहज वळते. मागची सीट पाडली की पेट्या बसतात. सीएनजी किटवाली मुद्दाम टाळली, टाकीने डिकीच गेली असती. शिवाय या 998 सीसीच्या तीन सिलिंडरच्या इंजिनात टायमिंग बेल्ट नसून चेन आहे, त्यामुळे बेल्ट बदलायचा खर्च नाही. पार्ट शृंगारतळीत मिळतात, फार तर चिपळुणात.

कागदांत सव्वादोन महिने गेले. गाडीवरचं मालकांचं कर्ज केव्हाच फिटलं होतं, पण आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, बँकेचं नाव तसंच होतं. मालकांनी बँकेचं ना-हरकत पत्र (एनओसी) आणि फॉर्म 35 देऊन ते काढलं, मगच मी पूर्ण पैसे दिले. पुढे गाडी नावावर करायला फॉर्म 28, 29, 30 आणि रत्नागिरीच्या आरटीओत फेऱ्या. विमा 14 दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला द्यावा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) आपल्याला मिळत नाही, तो त्यांच्याकडेच राहतो. आम्हाला हे हप्ता भरताना कळलं. आणि 2029 मध्ये गाडीला 15 वर्षं होतील, तेव्हा फिटनेस, फेरनोंदणी आणि पर्यावरण कर. किंमत ठरवताना हेही धरलं होतं.

पहिल्या तीन महिन्यांत खर्च झाला तो असा: चार टायर 15 हजार, क्लच 7 हजार, बॅटरी 4 हजार, पुढच्या सस्पेन्शनची रबरं अडीच हजार, आणि खालून अँटी-रस्ट कोटिंग साडेतीन. म्हणजे 32 हजार. दहा वर्षांच्या गाडीला एवढं लागणारच, आम्ही ते बाजूला काढूनच ठेवलं होतं. त्यानंतर ऑइल आणि फिल्टर सोडून इंजिनाला हात लागलेला नाही.

चिपळूणच्या रस्त्याला एसी बंद ठेवून लिटरला 18 पडतात, चालू ठेवला की 16. कुंभार्ली घाटात चार माणसं आणि एसी असेल तर दुसऱ्या गिअरवरच चढायचं, हजार सीसीकडून आणखी मागू नये. उतरतानाही दुसराच. पहिल्याच दिवशी कराडहून येताना यांनी पोफळीपर्यंत ब्रेकवर पाय ठेवला होता, खाली आल्यावर जळका वास आला. आता तसं करत नाहीत.

पावसाळ्याबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं. जुलैत गाडी पाच दिवस पडवीत उभी होती, हँडब्रेक ओढलेला. सहाव्या दिवशी मागची चाकं हलेनात, ब्रेकचे शू ड्रमला चिकटलेले. पुढे-मागे झटके दिल्यावर धडकन सुटली. आता गिअरमध्ये ठेवून चाकाला जांभ्याचा चिरा लावते. ऑगस्टमध्ये उंदरांनी वायर कुरतडली, वॉशरचा पाइप खाल्ला. डांबराच्या गोळ्या, तंबाखूची पानं, सगळं करून झालं. शेवटी रात्री बॉनेट उघडं ठेवणं एवढंच लागू पडलं. सीटवर बुरा येतो, तो उन्हाचा कवडसा दिसला की चारी दारं उघडून घालवायचा.

आणि गंज. दाराच्या खालच्या कडेला पाणी जायची बारीक भोकं असतात. तांबडी माती आणि सुरूच्या काड्या अडकून ती बुजतात, पाणी दारातच साचतं आणि पत्रा आतून जातो. दर पंधरा दिवसांनी खराट्याची हीर घालून ती मोकळी करते. गाडी खालून धुते ती नळाच्या गोड्या पाण्याने, कारण आमच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. बॅटरीच्या टोकांना व्हॅसलिन. पुळणीवर गाडी कधीच नेत नाही. पर्यटक नेतात, ते घरी गेल्यावर त्यांच्या गाडीचं काय होतं ते आपण बघायला जात नाही.

मेमध्ये मुंबईहून दीर आले, म्हणाले, "वहिनी, आणखी लाखभर घातला असता तर नवीनतली बसली असती की हप्त्यावर." बसली असती. पण गाडीचा हप्ता दर महिन्याला येतो आणि आमचा आंबा वर्षातून एकदा.

गेल्या आठवड्यात मागच्या डाव्या दाराच्या कडेला नखाएवढा फुगा दिसला. इतकी हीर घालूनही. मिस्त्री म्हणाले, बुधवारी आणा, तेवढंच घासून प्रायमर मारून देतो. यांना वाटतं एवढ्याशासाठी कशाला. बुधवारी नेतेय.