३८ दिवसांच्या बाळाला ताप आला तेव्हा, आमच्या एरियातलं मुलांचं हॉस्पिटल
पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते खाली सांगते.

छकुली ३८ दिवसांची होती. संध्याकाळी दूध ओढेना, थर्मामीटर लावला तर १०१. सासूबाई म्हणाल्या शेगडीच्या शेकाने अंग तापलं असेल, म्हणून दुपटं काढून अर्ध्या तासाने परत बघितलं, तरी तेवढाच. मग घरी काहीच औषध न देता तडक निघालो.

दीड महिन्याचंही नाही आणि ताप, एवढं ऐकल्यावर नंबर न लावता आत घेतलं. ड्युटीवरच्या मॅडमनी बाळाला पूर्ण उघडं करून तपासलं, टाळू बघितली आणि म्हणाल्या, एवढ्या लहान बाळात रक्तातलं इन्फेक्शन असलं तरी वरून ते बरं दिसू शकतं, त्यामुळे रक्त बघायचंच. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), सीआरपी आणि प्रोकॅल्सिटोनिन (इन्फेक्शन असलं की रक्तात वाढतात ते दोन घटक), ब्लड कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ते बघायची टेस्ट) आणि लघवी, तीही नळी घालून, कारण या वयात बॅक्टेरिया सापडले तर जास्त करून लघवीतच सापडतात आणि पिशवी चिकटवून घेतलेल्या लघवीच्या कल्चरवर भरवसा नसतो. रक्त घेताना दोनदा टोचलं, मी रडले.

मी विचारलं सीआरपी स्वस्तात होते मग ती दुसरी महागडी कशाला, तर न चिडता समजावलं की ताप येऊन जेमतेम ४ तास झालेत, सीआरपी चढायलाच निम्मा दिवस जातो, आत्ता नॉर्मल आली तरी खात्री नाही, प्रोकॅल्सिटोनिन आधी वाढतं. ते ०.५ च्या वर, सीआरपी २० च्या वर किंवा न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) ४००० च्या वर असते तर इन्फेक्शन मेंदूपर्यंत गेलंय का ते बघायला पाठीतलं पाणी काढायचं बोलावं लागलं असतं. आमचे आले ०.१, ६ आणि २९००, लघवी क्लीन. बाळ २१ दिवसांच्या आतलं असतं तर हेच रिपोर्ट असूनही पाणी काढून अ‍ॅडमिटच केलं असतं म्हणे. आम्हाला घरी सोडलं, पण २४ तासांत परत दाखवायच्या अटीवर.

अर्धा स्टार रिपोर्टसाठी. मॅडम सीआरपी ६ म्हणाल्या आणि कागदावर ०.६! एक लिटरमागे, दुसरं डेसिलीटरमागे (लिटरचा दहावा भाग), म्हणजे प्रमाण एकच, पण पहाटे ३ ला मला वाटलं दुसऱ्याच बाळाचा रिपोर्ट दिलाय. प्लीज एकच युनिट ठेवा.

कल्चरमध्ये काही वाढलं नाही हे सांगायला रविवारी सकाळी त्यांनीच स्वतःहून फोन केला. आणि हो, रात्री मागचं गेट बंद असतं, पुढूनच जा.