वाळूच्या टेकड्यांचा गोल्फ कोर्स: क्यूजीआयएस, इंकस्केप, ब्लेंडर, युनिटी – काही महिने वापरून झाल्यावर

गोल्फ सिम्युलेटरसाठी समुद्रकाठचा कोर्स घरबसल्या उभा करता येतो का? येतो, आणि त्यासाठी खिशाला चाटही पडत नाही. क्यूजीआयएस (नकाशांसाठी), इंकस्केप (रेखाटनासाठी) आणि ब्लेंडर (त्रिमिती आकारांसाठी) फुकट आहेत, युनिटी या गेम इंजिनची पर्सनल आवृत्तीही तशीच मिळते. ठाण्यात ही साखळी काही महिने नेमाने वापरल्यानंतरचं मत एका वाक्यात सांगायचं तर: हत्यारं झकास, पण त्यांची आयती सेटिंग्ज डोंगरासाठी आहेत, वाळूसाठी नाहीत. आपली नजरही तशीच. येऊरचा डोंगर, खारघरची टेकडी, मुंब्र्याचे कडे, सगळं पावसाने कापलेलं. खाडीकाठी वाळूच नाही, नुसता चिखल आणि कांदळवन. वाळूच्या टेकडीला आकार देतो तो वारा, हे हात चालवताना सारखं विसरायला होतं.

सुरुवात डेटापासून. भुवन या इस्रोच्या नकाशा-संकेतस्थळावर कार्टोसॅट उपग्रहाचा उंचीचा डेटा मोफत आहे, पण तो ३० मीटरचा. एका चौकोनात आख्खी टेकडी गडप होते. त्यामुळे अलिबाग-किहीमचा किनारा डेटावरून उठवण्याचा विचार सोडा. इंग्लंडच्या एन्व्हायर्नमेंट एजन्सीचा १ मीटरचा लायडार (विमानातून लेझरने मोजलेली उंची) खुल्या परवान्यावर मिळतो. त्यातला साउथपोर्ट-फॉर्मबीचा पट्टा, म्हणजे रॉयल बर्कडेल या गोल्फ कोर्सच्या आसपासचा किनारा, अभ्यासाला उत्तम. डीटीएम (नुसत्या जमिनीची उंची) घ्या, डीएसएम (जमिनीवरच्या वस्तूंसकट उंची) नको. डीएसएममध्ये झुडपं आणि क्लबहाउसची छपरंही जमीन म्हणून येतात. डीटीएमही पूर्ण निर्मळ नसतो. दाट गवत काही ठिकाणी जमीनच धरलं जातं आणि उतारावर बारीक फोड उठल्यासारखं दिसतं.

क्यूजीआयएसमध्ये २०४८ मीटरचा चौकोन कापायचा. मग त्यातल्याच जीडॅल या रूपांतराच्या साधनाच्या ट्रान्सलेटमध्ये आउटपुट प्रकार यूइंट१६ (१६ बिटचे पूर्णांक), आकार २०४९ बाय २०४९, रीसॅम्पलिंग बायलिनिअर, फॉरमॅट एन्व्ही. युनिटीला हाइटमॅप (उंचीचं चित्र) दोनाच्या घातापेक्षा एकने मोठा लागतो, म्हणून २०४९. स्केलमध्ये खरी किमान आणि कमाल उंची द्या, समजा उणे ५ ते ३५, आणि ती ० ते ६५५३५ वर ताणा. इथे दोन खड्डे आहेत. पहिला, ८ बिटच्या पीएनजीचा मोह. ४० मीटर उंची २५६ पायऱ्यांत वाटली की एक पायरी जवळपास १६ सेंटिमीटरची होते आणि ग्रीनवर (झेंड्याभोवतीची गुळगुळीत हिरवळ) भातखाचरांसारखे टप्पे दिसतात. दुसरा, युनिटीत टेरेनची (जमिनीची) उंची आयती ६०० असते. ती ४० केली नाही तर सगळं पंधरापट ताणलं जातं आणि बर्कडेलचा हरिश्चंद्रगड होतो. टेरेनवर सगळीकडे सुया उभ्या राहिल्या तर बाइट ऑर्डर (बाइट साठवायचा क्रम) उलटी पडली आहे असं समजा. आयातीच्या खिडकीत विंडोज-मॅक बदललं की काम झालं.

ब्लेंडरमध्ये नेण्याआधी नकाशाचे मोठे आकडे वजा करून मध्य शून्यावर आणा. ब्रिटिश ग्रिडवर या भागाचा उत्तरेचा आकडा ४ लाख मीटरच्या वर जातो. ३२ बिटच्या फ्लोटमध्ये (दशांश आकडे साठवायचा प्रकार) तेवढ्या मोठ्या आकड्याला सुमारे ३ सेंटिमीटरच्या खाली नेमकेपणा उरत नाही. फेअरवेवर (टीपासून ग्रीनपर्यंतची कापलेल्या गवताची पट्टी) ते खपेल. ग्रीनवर चेंडू उगाच उडतो, आणि दोष फिजिक्सचा वाटून दिवस वाया जातो.

आता खरा मुद्दा, टेकड्या. लायडार असला तरी होलच्या कडेने बरंच काही हाताने घडवावं लागतं, आणि काल्पनिक कोर्स असेल तर सगळंच. युनिटीच्या टेरेन टूल्स पॅकेजात झीज घडवणारे तीन ब्रश आहेत: पाण्याची, उतार ढासळण्याची आणि वाऱ्याची. पहिल्याला हातसुद्धा लावू नका. त्याने घळी पडतात आणि दृश्य एकदम खरं वाटायला लागतं, पण खरं कुठलं, तर सह्याद्रीतलं. वाळूत पाऊस जिरतो, वाहून नाले कापत नाही. नॉइज ब्रशने तर ताटात लाडू मांडल्यासारखे सारख्या आकाराचे गोल उंचवटे येतात.

जमलेली पद्धत अशी. आधी वाऱ्याची दिशा कागदावर लिहून भिंतीला चिकटवायची. ब्रिटिश किनाऱ्यावर ती बहुतेक नैऋत्य-पश्चिम. किनाऱ्याला समांतर पहिली रांग ६ ते १० मीटर उंच. वाऱ्याच्या बाजूने उतार १० ते १५ अंश, आडोशाच्या बाजूने ३० च्या आसपास. कोरडी वाळू साधारण ३२-३४ अंशांच्या वर टिकतच नाही, म्हणून त्या बाजूवर उतार ढासळण्याचा ब्रश हलक्या जोराने फिरवायचा. मग या रांगेला वाऱ्याने फोडलेल्या खिंडी द्यायच्या, अंतर मुद्दाम कमीजास्त ठेवून. प्रत्येक खिंडीमागे घोड्याच्या नालेसारखी टेकडी, तिचे दोन्ही हात वारा जिकडून येतो तिकडे उघडे. हात उलटे झाले की ती वाळवंटातली बरखान टेकडी होते. ही चूक बऱ्याच कोर्सेसमध्ये दिसते.

टेकड्यांमधल्या खोलगट जागांकडे फार थोडे लोक लक्ष देतात. वारा वाळू उपसत जातो तो ओल लागेपर्यंतच. ओली वाळू उडत नाही. त्यामुळे जवळजवळच्या खोलगटांचे तळ सपाट असतात आणि बहुधा एकाच पातळीला. तो तळ नक्की झाला की कोर्स आपोआप सुचायला लागतो: फेअरवे तळातून, टी (पहिला फटका मारायची जागा) रांगेवर, ग्रीन तीन बाजूंनी वेढलेल्या वाटीत. बर्कडेलचे फेअरवे असेच टेकड्यांमधून सपाट जातात. रुंदी ४५ मीटरच्या खाली नेऊ नका, आडव्या वाऱ्यात खेळणारा वैतागतो. सगळे होल एकाच दिशेने धावू नयेत यासाठी स्कॉटलंडच्या म्युअरफील्ड कोर्सचा आराखडा बघावा: पहिले नऊ घड्याळाच्या दिशेने, पुढचे नऊ उलट.

इंकस्केपबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. त्यात ग्रीनची कड आखायची, तिला ८ ते १२ नोड (वक्राचे बिंदू) पुरतात. जास्त दिले की कड थरथरलेली दिसते. ब्लेंडरमध्ये ग्रीनची जाळी (मेश) २५ ते ५० सेंटिमीटरची ठेवा, फेअरवेची १ मीटरची, मग श्रिंकरॅपने (एक आकार दुसऱ्यावर चिकटवणारी सोय) जमिनीवर बसवा. मेश आणि टेरेन एकाच उंचीवर राहिले तर पडदा लुकलुकतो. मेश उचलू नका, कडेला पायरी होते. मेशखालचं टेरेन ५ ते १० सेंटिमीटर दाबा.

ग्रीनवर लायडार जसाच्या तसा ठेवणं म्हणजे पायावर धोंडा. ५ मीटरमध्ये १० सेंटिमीटरची चूक म्हणजे थेट २ टक्के उतार, आणि एवढी चूक लायडारमध्ये सहज असते. म्हणून ग्रीन आधी गुळगुळीत करायचं, मग मोठे उतार हाताने परत आणायचे. झेंड्याच्या जागी ३ टक्क्यांच्या आत. अशा किनाऱ्यावर स्टिम्प (ग्रीनच्या वेगाचं माप) १० च्या आसपासच शोभतो. त्याहून वेगवान ग्रीनवर जोराच्या वाऱ्यात थांबलेला चेंडूसुद्धा सरकेल.

पॉट बंकर (उभ्या भिंतीचा छोटा, खोल वाळूचा खड्डा) हा या साखळीचा सगळ्यात कटकटीचा भाग. हाइटमॅपमध्ये एका बिंदूला एकच उंची असते, त्यामुळे उभी भिंत त्यात मावतच नाही. शिवाय ३-४ मीटरचा बंकर १ मीटरच्या डेटात नुसती बशी दिसतो. युनिटीत २०१९.३ पासून टेरेनला भोक पाडता येतं. तिथे ब्लेंडरमधला बंकर बसवायचा, भिंत १ ते दीड मीटर, हिरवळीचे थर आडवे दिसतील असं टेक्स्चर. भोकाची कड करवतीसारखी येते, म्हणून मेशची झालर बाहेर अर्धा मीटर पसरवावी. सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर ११२ बंकर आहेत म्हणून तेवढे पाडायची गरज नाही. भोवतीचा ५-६ मीटरचा उतार बंकरकडे ओढणारा केला, तर एकच बंकर तिघांचं काम करतो.

गवत लावताना मॅरम (वाळूत वाढणारं उंच गवत) सगळीकडे पेरू नका. त्याला सतत ताजी वाळू लागते. समुद्राकडच्या रांगेवर दाट, ६० ते १०० सेंटिमीटरचे झुबके. आत जाल तसं विरळ, मग आखूड फेस्क्यू गवत, मग गॉर्सची काटेरी झुडपं. मॅरमचा रंग राखाडीकडे झुकणारा ठेवा. आपल्याकडच्या श्रावणातला हिरवा इथे चालत नाही. टेरेनचे टेक्स्चर थर चारच ठेवले तर बरं, पाचवा आला की पडद्यावर आणखी एक फेरी वाढते आणि साधा लॅपटॉप धापा टाकतो. मे महिन्यातल्या ठाण्यात तर जास्तच.

चाचणी कोणाकडून करून घेता यानेही फरक पडतो. खारघरच्या सिडकोच्या कोर्सवर खेळणाऱ्यांचा हात पावसाळी मऊ जमिनीला बसलेला असतो. ते चेंडू उंच टाकून ग्रीनवरच थांबवायला बघतात. कडक वाळूच्या जमिनीवर तो चेंडू उसळून मागे निघून जातो आणि तक्रार येते की ग्रीन चुकलंय. ग्रीन बदलायची घाई करू नका. आधी समोरचे २०-३० मीटर तपासा: तिथून चेंडू घरंगळत आत जायला वाट आहे का? नसेल तर तक्रार खरी आहे.

सूर्य शेवटी लावा. ठाण्यात जूनच्या दुपारी तो जवळजवळ डोक्यावर असतो, साउथपोर्टला ६० अंशांवर जात नाही. सूर्य २० ते ३५ अंशांवर ठेवला तरच उतारांच्या सावल्या पडतात आणि खेळणाऱ्याला चढउतार वाचता येतात.